मशीनचा वार

अमरावती-अकोल्याकडे कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाला डीबीएसचं (डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं) ऑपरेशन सुचवलं गेलं, आणि बोलता बोलता ‘चार्जिंगची बॅटरी’ हा शब्द निघाला, की घरातल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लाइन गेली तर? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पारसचं वीज केंद्र अकोला जिल्ह्यात, नांदगाव पेठचं अमरावतीच्या वेशीवर. तरीही 2005 नंतरची कितीतरी वर्षं वऱ्हाडातल्या गावांनी भारनियमनात काढली. शेतीच्या फीडरला आजही काही तासच वीज मिळते, कधी दिवसाच्या पाळीत तर कधी रात्रीच्या. मळ्यात घर करून राहणाऱ्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे सरकला की डीपी जळते आणि मग तीन-चार दिवस तालुक्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. अशा मुलखातल्या माणसाला छातीत बसवलेलं मशीन विजेवर चार्ज करा असं सांगितलं, तर तो दचकणारच. तरीही कंपवाताच्या रुग्णांना घरोघरी जाऊन व्यायाम शिकवण्याच्या कामातून माझं मत असं झालं आहे, की हा प्रश्न खरा असला तरी तो या विषयातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न त्याच्या मागे दडलेला असतो आणि तो बहुतेक वेळा ऑपरेशन होऊन गेल्यावरच बाहेर येतो : आठवड्याच्या आठवड्याला, पुढची पंधरा वर्षं, हे चार्जिंग कोणाच्या हातानं होणार?

आधी मशीनबद्दल थोडं. मेंदूच्या आत खोलवर, हालचालींची शिस्त राखणाऱ्या एका छोट्या गाठीत बारीक तारा सोडतात. बहुधा दोन्ही बाजूंना एकेक. त्या तारा कवटीतून बाहेर येऊन कातडीखालून, कानामागून, मानेतून उतरतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या डबीला जोडल्या जातात. डबीत बॅटरी असते आणि विजेचे ठोके मोजून देणारी यंत्रणा. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या आलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये कंपासाठी ही वाट उघडली. महाराष्ट्रात 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी हे काम रुजवलं. मशीननं आजार बरा होत नाही. सिन्डोपासारख्या गोळीनं ज्या गोष्टी सुधारतात, म्हणजे थरथर, ताठरपणा, मंद हालचाल, त्याच गोष्टी मशीनही सुधारतं; फरक इतकाच की गोळीचा जोर चढतो-उतरतो आणि मशीनचा दिवसभर सारखा राहतो. तोल जाणं, आवाज बसणं, विसरभोळेपणा यांवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. हे आधी स्पष्ट सांगितलेलं नसेल तर पुढं चार्जिंगचा कंटाळा येतो, कारण ज्यासाठी एवढं करतोय ते तर झालंच नाही, असं घराला वाटू लागतं.

हृदयाच्या पेसमेकरला चार्जिंग लागत नाही, मग मेंदूच्याच मशीनला का, असं पुष्कळ जण विचारतात. विचारतात ते बरोबरच आहे, कारण गावात एखाद्याच्या छातीत पेसमेकर असतोच आणि तो आठ-दहा वर्षं बिनबोभाट चालतो. गंमत अशी की माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर बाहेरून चार्ज करावा लागायचा. स्वीडनमध्ये 1958 साली आर्ने लार्सन यांना बसवलेल्या त्या यंत्रात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. पुढे 1970 च्या दशकात लिथियमची टिकाऊ बॅटरी आली आणि हृदयाच्या बाबतीत चार्जिंगची कटकट संपली. मेंदूच्या बाबतीत ती संपली नाही, याला साधं गणित कारणीभूत आहे. हृदयाला मिनिटाला साठ-सत्तर ठोके पुरतात, आणि हृदय स्वतःच नीट चाललं असेल तर पेसमेकर गप्प बसतो. मेंदूतल्या तारेला मात्र सहसा सेकंदाला 130 च्या आसपास ठोके द्यावे लागतात, म्हणजे मिनिटाला 7,800. आणि तेही दोन्ही बाजूंना, रात्रंदिवस. त्यामुळे साधी, चार्ज न होणारी बॅटरी सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षांत संपते. डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटले जाण्याच्या आजारात, वीज जास्त लागते. तिथं ती आणखी लवकर संपते. 2009 मध्ये अमेरिकेत डीबीएससाठी चार्ज होणाऱ्या मशीनला परवानगी मिळाली ती या गणितामुळेच. आजच्या अशा मशीनचं आयुष्य पंधरा वर्षं आणि काहींचं त्याहूनही जास्त सांगितलं जातं.

आता लाइनचा प्रश्न. चार्ज करताना माणूस भिंतीतल्या प्लगला जोडलेला नसतो. बहुतेक चार्जरला स्वतःची बॅटरी असते. लाइन असेल तेव्हा चार्जर भरून ठेवायचा आणि मग त्याची चकती छातीवर डबीच्या नेमकी वर धरायची. कातडीतून आरपार, तारेशिवाय, वीज आत जाते. कोणी रोज अर्धा तास करतो, कोणी आठवड्यातून एकदा दोन-तीन तास. किती वेळ लागेल हे मशीनची जात, डॉक्टरांनी ठेवलेला व्होल्टेज आणि चकती किती नेमकी बसते यावर ठरतं. म्हणजे आठवड्यात कधीतरी काही तास वीज मिळाली तरी काम भागतं, आणि इतकी वीज आज मळ्यातल्या घरालाही मिळते. शिवाय चार्जिंगची शिस्त वऱ्हाडाला नवी नाही. कपाशीवर फवारणी करणाऱ्या घरात बॅटरीवरचा पंप रात्री लावून सकाळी पाठीवर घेतातच. रोही आणि रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर झटका मशीन लावलेलं असतं आणि त्याच्या बॅटरीकडे घरातला पोरगाही लक्ष देतो. कमी शिकलेल्या माणसांना हे मशीन झेपणार नाही, असं शहरातल्या दवाखान्यात कधी कधी ऐकू येतं. ज्या माणसाला पंपाचा दाब, औषधाचं प्रमाण आणि बॅटरीची उतरती कळा आवाजावरून कळते, त्याला चार दिवे आणि दोन बटणं कळत नाहीत हे मला पटत नाही. त्याला शांतपणे, मराठीत, दोनदा करून दाखवावं लागतं. एकदा दाखवून पुस्तिका हातात दिली की झालं, ही पद्धत मात्र खरोखर झेपत नाही.

खरी अडचण हातांची आहे. डबी साधारण काड्यापेटीएवढी, कातडीखाली. चकती तिच्यावर थोडी जरी सरकली तरी जोड तुटतो आणि दोन तासांचं काम चार तासांवर जातं. ज्याच्यासाठी हे करायचं त्याचेच हात थरथरतात किंवा आखडलेले असतात. शर्टची गुंडी लावायला ज्याला वेळ लागतो, त्यानं खांद्यावरून चकतीचा पट्टा ओढून, आरशात पाहून, दोन बोटांच्या जागेवर चकती बसवायची. सुरुवातीची वर्षं जमतं. आजार पुढे सरकतो, कारण मशीननं तो थांबलेला नसतो, आणि मग दुसऱ्याचे हात लागतात. हे दुसरे हात कोणाचे? बहुतेक घरी बायकोचे. तीही साठी ओलांडलेली, तिला मोतीबिंदू, तिचे गुडघे दुखतात. मुलगा पुण्यात नाहीतर नागपुरात नोकरीला. उरली सून. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत सून आजही मामाजींसमोर बेतानंच बोलते. त्यांच्या उघड्या छातीवर चकती धरून बसणं तिला आणि मामाजींना सारखंच अवघड जातं. दोघंही ही अडचण तोंडानं सांगत नाहीत. मग चार्जिंग ‘राहून जातं’. आई रुग्ण असेल आणि घरात फक्त मुलगा असेल तर तीच गोष्ट उलट्या बाजूनं. पातळ सुती कपड्यावरून चकती चालते, पट्टा आधीच मापात शिवून घेता येतो, डबी कुठं बसवायची हे ऑपरेशनपूर्वी विचारता येतं. म्हणजे या संकोचावर उपाय आहेत. पण संकोच आहे हेच कोणी विचारलेलं नसतं, त्यामुळे उपायही कोणी सांगत नाही. यात दुसऱ्या एका गोष्टीची भर पडते. उन्हाळ्यात चकती आणि तिच्याखालची कातडी दोन्ही तापतात, घाम येतो, म्हातारा माणूस वैतागून पट्टा काढून टाकतो. मे महिन्यात चार्जिंग पहाटे, अंगणात गार वारा असताना करावं, एवढं साधं वाक्य सुट्टी देतानाच्या कागदावर मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

चार्जिंग राहून गेलं तर काय होतं, हे घराला आधी नीट समजलं पाहिजे. बॅटरी पूर्ण उतरली की ठोके थांबतात. थरथर काही मिनिटांत परत येते, ताठरपणा तासाभरात चढू लागतो, चालणं-उठणं त्यानंतर बिघडत जातं. पण ही निव्वळ जुन्या स्थितीत परत जाण्याची गोष्ट नसते. मशीन बसल्यावर गोळ्या पुष्कळ कमी केलेल्या असतात. मधल्या काळात आजार आतल्या आत वाढलेला असतो. त्यामुळे अचानक बंद पडलेलं मशीन माणसाला कधी नव्हे इतकं जखडून टाकतं, घास गिळता येत नाही, आणि क्वचित प्रसंगी जीवावरही बेततं. गोळ्या पुन्हा वाढवूनही लगेच भागतंच असं नाही. काही मशीन पूर्ण मेल्यावर खास पद्धतीनं पुन्हा जागी करता येतात, तीही मोजक्याच वेळा. म्हणूनच ‘जमेल तेव्हा लावू’ हे धोरण इथं चालत नाही. वार ठरवून घ्यावा लागतो. माझ्या मते तो गावच्या आठवडी बाजाराचा असावा. बाजाराचा वार घरातल्या कोणालाही विसरता येत नाही, त्या दिवशी शेतात मजूर नसतात, घरचं कोणीतरी दुपारी घरी असतं. कोणाचा तो शेगावला जाण्याचा गुरुवारही असू शकेल. मोबाइलमधली घंटी वाजते आणि बंद केली जाते. बाजाराचा वार तसा बंद करता येत नाही.

एवढी कटकट आहे तर चार्ज न होणारंच मशीन का बसवू नये, हा यावरचा सरळ आक्षेप, आणि तो वजनदार आहे. पैसेही सुरुवातीला त्यात कमी लागतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या, म्हणजे समजा पंचावन्न वर्षांच्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. पुढची वीस वर्षं धरली आणि बॅटरी चार वर्षं टिकते असं मानलं, तर डबी चार वेळा बदलावी लागेल. दर वेळी पुन्हा मोठं शहर, पुन्हा छोटं ऑपरेशन, पुन्हा कातडी उघडल्यामुळे येणारा जंतुसंसर्गाचा धोका, आणि पुन्हा डबीचे पैसे, जे एकूण खर्चातला मोठा भाग असतात. मूळ ऑपरेशनचाच खर्च आज दहा लाखांच्या आसपास आणि पुढे जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली गेली ही चांगली गोष्ट, तरी ती या आकड्याच्या निम्म्यावरच येते. एकदा शेत विकून किंवा भावांनी वर्गणी करून ऑपरेशन केलेलं घर चार वर्षांनी पुन्हा ते करू शकेल का? सोयाबीन आणि कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात चार वर्षांनंतरच्या खर्चाचं आश्वासन कोणी देऊ शकत नाही. बॅटरी बदलायला पैसे नाहीत म्हणून मशीन बंद पडलं, तर वर सांगितलेला सगळा धोका तसाच उभा राहतो. म्हणून पन्नाशी-साठीतल्या माणसाला, आणि डिस्टोनियाच्या तरुण रुग्णाला तर नक्कीच, चार्ज होणारं मशीन हेच वऱ्हाडात शहाणपणाचं आहे असं मी म्हणेन. मुंबई-पुण्यापेक्षा इथं जास्त, कारण इथून पुन्हा पुन्हा जाणं महाग आहे. याउलट बहात्तर वर्षांचे आजोबा, स्मरण थोडं डळमळलेलं, घरी एकट्या आजी, असं चित्र असेल तर साधी बॅटरीच बरी. तिथं चार्जिंगचं मशीन ‘जास्त चांगलं’ म्हणून गळ्यात मारणं म्हणजे आजींवर एक नोकरी लादणं आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूनं येतो : हे सगळं लवकरच जुनं होईल. 2024 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या एका मशीनला वर्षातून दहाएक वेळाच चार्जिंग लागतं असं कंपनी सांगते. घरबसल्या, दूरवरून मशीनची जुळणी बदलण्याची सोयही काही मशीनमध्ये आली आहे. सोय नक्कीच वाढेल. तरी वर्षातून दहा वेळा करायचं काम आठवड्याच्या कामापेक्षा विसरायला सोपं असतं, हे महिन्यातून एकदा घ्यायची गोळी दिलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारावं. आणि मशीनला माणसांचं जे जाळं लागतं ते चकतीच्या सुधारणेनं तयार होत नाही. जुळणी करायला, म्हणजे ज्याला सगळे ‘प्रोग्रामिंग’ म्हणतात त्यासाठी, पहिल्या वर्षात अनेक फेऱ्या लागतात. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. मुंबईला रात्रभराची रेल्वे. अमरावती-अकोला रस्त्यावर 2022 च्या जून महिन्यात पाच दिवसांच्या आत 75 किलोमीटर डांबर टाकून जागतिक विक्रम झाला, आणि त्याचं कौतुक आहेच. पण आखडलेल्या माणसाला रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी दीडशे किलोमीटर दीडशेच असतात. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून केंद्राच्या योजनेतून सुपर स्पेशालिटीची इमारत उभी राहिली आहे. या ठिकाणी डीबीएसचं ऑपरेशन सुरू करा असं म्हणणं आज घाईचं ठरेल. महिन्यातून एक दिवस मशीनची तपासणी, चार्जिंगचं शिक्षण आणि जुळणी यांची ओपीडी मात्र मोठ्या खर्चाशिवाय उभी राहू शकते.

आमच्या फिजिओथेरपीच्या पेशातली एक गोष्ट इथं सांगणं भाग आहे. डीबीएस असलेल्या माणसाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कुठंही, अगदी गुडघ्यालासुद्धा, देता येत नाही. ती ऊर्जा तारेतून थेट मेंदूत जाऊन ऊती भाजू शकते. असे गंभीर अपघात परदेशात नोंदले गेल्यावर 2001 मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला गेला. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीच्या खोलीत हा शेक देणारं मशीन बहुधा असतंच, आणि खांदा दुखतो म्हणून आलेला कंपवाताचा रुग्ण छातीतल्या डबीबद्दल आपणहून बोलतोच असं नाही. एमआरआयलाही अटी असतात, ऑपरेशनमधल्या कॉटरीलाही. म्हणजे मशीन बसवणारे हात मुंबईत असले तरी रुग्णाला धोक्यात घालू शकणारे हात गावात आहेत, आणि त्या हातांना काहीच कळवलेलं नसतं. मशीनचं ओळखपत्र पाकिटात ठेवा असं रुग्णाला सांगितलं जातं. धोतर-बंडीतल्या माणसाचं पाकीट कुठं असतं हाही एक प्रश्नच. गळ्यातल्या माळेबरोबर मशीनची नोंद असलेला एक पत्रा घालावा, असं मी सुचवत असतो.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द सुरेख आहेत, आणि त्यांचा खरा गुण असा की त्यांनी दुसऱ्या माणसाला नाव दिलं. मुंबईतल्या पार्किन्सन्स सोसायटीचं कामही 2001 पासून याच दिशेनं चाललं आहे. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यानं पार्किन्सन्सची दिव्यांगतेत नोंद केली आणि जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेखही त्यात आहे. ऑपरेशनपूर्व तपासणीच्या कागदावर मात्र हा दुसरा माणूस येत नाही. गोळीनं किती सुधारणा होते हे मोजलं जातं, स्मरणशक्ती मोजली जाते, एमआरआय होतो. शुभंकराची नजर कशी आहे, तिचे हात कापतात का, ती वर्षातून किती महिने माहेरी किंवा मुलाकडे असते, तिच्या गैरहजेरीत कोण, हे कोणी मोजत नाही. यावर डॉक्टरांचं म्हणणं असं, की घरातल्या गोष्टींत आम्ही किती शिरायचं. माणूस बरा दिसू लागला की घर आपोआप जुळवून घेतं. जुळवून घेतं हे खरंच आहे. पण ते कोण घेतं आणि किती वर्षं, याचा अंदाज मशीन निवडतानाच लागू शकतो आणि त्यावरून निवड बदलू शकते, म्हणून ही चौकशी उपचाराचाच भाग धरली पाहिजे. रक्तगट विचारतो तितक्याच सहजपणे ती व्हावी.

पहिल्या डबीची पंधरा वर्षं संपतील तेव्हा आज पंचावन्नचा असलेला माणूस सत्तरचा झालेला असेल आणि बायको त्याच्या मागेपुढे. डबी तर बदलावीच लागेल. त्या वेळी पुन्हा चार्जिंगचीच घ्यायची असा नियम नाही. तारा ठीक असतील आणि त्यांना जुळणारी साधी डबी मिळत असेल, तर तीही बसवता येते. तोवर कोणाचे हात शाबूत राहिले आहेत, ते पाहून ठरवता येईल.